रूट पार्टिशन १०० टक्के भरलं? लिनक्सवर जागा कोण खातंय ते शोधून ती मोकळी कशी करायची

लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड बरोबर टाकला, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा लॉगिनच समोर आलं. किंवा अपडेट अर्ध्यावर अडकलं. किंवा ब्राउझर उघडला, पण कालचे टॅब नाहीत. किंवा टर्मिनलमध्ये फोल्डरचं नाव पूर्ण करायला टॅबचं बटण दाबलं आणि बॅशने उत्तर दिलं, ‘कॅनॉट क्रिएट टेम्प फाइल फॉर हिअर-डॉक्युमेंट: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. वरवर या चार वेगळ्या तक्रारी दिसतात, पण बहुतेक वेळा मूळ एकच असतं. ज्या पार्टिशनवर सगळी यंत्रणा चालते, ते रूट पार्टिशन काठोकाठ भरलेलं असतं.

अशा वेळी हाताला लागेल ते पुसत सुटू नका. जागा संपण्याची पाच-सहा वेगवेगळी कारणं आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. चुकीच्या ठिकाणी २० जीबी पुसूनही आकडा तसूभर हलत नाही, असंही होतं. म्हणून आधी मोजा आणि मगच पुसा.

खालची माहिती उबंटू, डेबियन आणि लिनक्स मिंट धरून, एक्स्ट४ फाइलसिस्टिमसाठी लिहिली आहे. फेडोरासारख्या वितरणांत पॅकेजचा भाग बदलेल, बाकीचं बरंचसं तसंच राहील. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या. ‘डीएफ’ म्हणजे डी आणि एफ ही दोन अक्षरं, ‘/व्हार’ म्हणजे व्ही-ए-आर. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. कमांडच्या सुरुवातीचं ‘सुडो’ म्हणजे ती कमांड रूट युजरच्या, म्हणजे यंत्रणेच्या प्रशासकाच्या, अधिकाराने चालवणं.

आत शिरायचं कसं

ग्राफिकल लॉगिन चालत नसेल, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळा पडदा येईल. तिथे युजरनेम आणि पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप करताना तारेसुद्धा दिसत नाहीत, ते तसंच असतं. काम झालं की कंट्रोल, ऑल्ट, एफ१ किंवा एफ२ दाबून परत जाता येतं. ग्राफिकल लॉगिन अडतं, कारण सत्र सुरू होताना होम फोल्डरमध्ये काही छोट्या फाइली लिहाव्या लागतात आणि त्यांनाही जागा उरलेली नसते. पासवर्ड बदलून किंवा डेस्कटॉप पुन्हा इन्स्टॉल करून हे सुटत नाही.

एफ३ नेही जमलं नाही तर संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणा. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये रिकव्हरी मोड निवडा. उबंटूच्या रिकव्हरी मेनूत ‘क्लीन’ नावाचा पर्याय असतो, तो थोडी जागा करायचा प्रयत्न करतो. तेवढ्याने भागलं नाही तर ‘रूट’ निवडा. तिथे पार्टिशन बहुधा फक्त वाचण्यापुरतं जोडलेलं असतं, त्यामुळे आधी हे करा:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /

दोन गोष्टी मात्र टाळा. एक, डिस्क भरलेली असताना कुठलीही कॉन्फिग फाइल एडिटरमध्ये उघडून सेव्ह करू नका. काही एडिटर आधी जुनी फाइल शून्यावर आणतात आणि मग नवा मजकूर लिहितात. लिहायला जागा नसली की फाइल रिकामीच राहते. दोन, कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, अपडेट अर्धवट असेल तर लगेच रिबूट करू नका. नव्या कर्नलची इनिटआरडी ही सुरू होताना लागणारी फाइल तयारच झाली नसेल, तर पुढच्या वेळी ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ असं म्हणून यंत्र थांबतं. चुकून तसं झालंच, तर ग्रबमधून जुनं कर्नल निवडून आत या.

डीएफचं उत्तर नीट वाचा

पहिली कमांड, प्रत्येक पार्टिशन किती भरलंय ते सांगणारी:

डीएफ -एच

समजा उत्तर असं आलं:

/डेव्ह/एसडीए२ – साइज ४६जी – यूज्ड ४४जी – अव्हेल ० – १००% – /
/डेव्ह/एसडीए१ – साइज ५११एम – यूज्ड ६.१एम – अव्हेल ५०५एम – २% – /बूट/ईएफआय
/डेव्ह/लूप३ – साइज ७४एम – यूज्ड ७४एम – अव्हेल ० – १००% – /स्नॅप/कोअर२२

तिसरी ओळ पाहून अनेक जण घाबरतात. घाबरायचं कारण नाही. स्नॅप ही उबंटूची ॲप बसवायची एक पद्धत आहे. स्नॅपचं प्रत्येक ॲप ही एक बंद, फक्त वाचता येणारी स्क्वॉशएफएस फाइल असते. तिच्यात रिकामी जागा ठेवलेलीच नसते, म्हणून लूपच्या ओळी कायम १०० टक्केच दिसणार. त्या यादीतून वगळायच्या तर ‘डीएफ -एच -एक्स स्क्वॉशएफएस -एक्स टीएमपीएफएस’ अशी कमांड द्या.

आता पहिली ओळ. ४६ मधून ४४ गेले तर २ उरायला हवेत, पण अव्हेल शून्य आहे. हे २ जीबी हरवलेले नाहीत. एक्स्ट४ बनवताना एकूण जागेचे ५ टक्के रूट युजरसाठी राखून ठेवले जातात. साध्या युजरची जागा संपली तरी यंत्रणेच्या सेवा चालू राहाव्यात आणि तुम्हाला आत येऊन साफसफाई करता यावी, हा त्यामागचा हेतू. रूट पार्टिशनवर ही सोय मोडू नका. पण १ टीबीच्या, नुसते फोटो-व्हिडिओ ठेवायच्या डिस्कवरही ५ टक्के म्हणजे सुमारे ५० जीबी अडकून पडतात. तिथे राखीव भाग कमी केला तरी चालतो:

सुडो ट्यून२एफएस -एम १ /डेव्ह/एसडीबी१

हे चालू यंत्रावर करता येतं, डेटाला धक्का लागत नाही. फक्त डिव्हाइसचं नाव दोनदा तपासून घ्या.

सर्व्हर असेल तर इथेच आणखी एक तपासणी करून घ्या. उबंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटून देणारी व्यवस्था) वापरतो आणि पुष्कळदा डिस्कचा काही भाग कोणालाच न देता बाजूला ठेवतो. मग २०० जीबीची डिस्क असूनही रूट १०० जीबीचंच असतं. ‘सुडो व्हीजीएस’ ही कमांड द्या. शेवटच्या व्हीफ्री या रकान्यात मोठा आकडा दिसला, तर काहीही पुसायची गरज नाही:

सुडो एलव्हीएक्स्टेंड -आर -एल +१००%फ्री /डेव्ह/उबंटू-व्हीजी/उबंटू-एलव्ही

यातला ‘फ्री’ हा शब्द मोठ्या अक्षरांत, ‘-एल’ छोट्या अक्षरात. ‘-आर’ विसरू नका. त्याने व्हॉल्यूमबरोबर आतली फाइलसिस्टिमही वाढते. तो राहिला तर व्हॉल्यूम मोठा होतो, पण डीएफमधला आकडा हलत नाही.

जागा आहे, तरीही ‘नो स्पेस’

डीएफ ६० टक्के दाखवतंय आणि तरी फाइल बनत नाही? मग आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदीच्या जागा, संपलेत. एक्स्ट४वर प्रत्येक फाइलीला, प्रत्येक फोल्डरला एक आयनोड लागतो आणि त्यांची एकूण संख्या पार्टिशन बनवतानाच ठरते. नेहमीच्या सेटिंगमध्ये दर १६ केबीमागे एक, म्हणजे २० जीबीच्या पार्टिशनवर सुमारे १३ लाख. त्यात काही बाइटच्या लाखो फाइली साठल्या की जागा शिल्लक असतानाही आयनोड संपतात. तपासायला:

डीएफ -आय

आययूज% १०० असेल, तर कोणत्या फोल्डरात फाइलींची गर्दी आहे ते असं शोधा:

सुडो डीयू --आयनोड्स -एक्स --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एन

सापडतात ते बहुधा पीएचपीच्या सेशन फाइली, न गेलेल्या मेलची रांग, एखाद्या वेबसाइटचा कॅश किंवा जुन्या प्रकल्पांची नोड-मॉड्यूल्स फोल्डरं. लाखो फाइली ‘आरएम *’ने पुसायला गेलात की ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ असं उत्तर येतं, कारण शेल तारकेच्या जागी सगळी नावं एकदम भरायला जातं. तिथे फाइंड वापरा:

सुडो फाइंड /व्हार/लिब/पीएचपी/सेशन्स -टाइप एफ -एमटाइम +७ -डिलीट

‘-डिलीट’ नेहमी सर्वांत शेवटी. फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासतं. ‘-डिलीट’ आधी आलं तर पुढच्या अटींपर्यंत पोचण्यापूर्वीच सगळं पुसलेलं असतं. आधी ‘-डिलीट’शिवाय कमांड चालवून यादी डोळ्यांखालून घालायची सवय ठेवा.

एक्स्ट४वर आयनोडची संख्या नंतर नुसती वाढवता येत नाही, त्यासाठी फाइलसिस्टिमच मोठी करावी लागते. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस आयनोड लागतील तसे बनवत जातात, तिथे हा त्रास क्वचितच.

मराठीत फाइलींची नावं ठेवणाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. नाव देताना ‘फाइल नेम टू लाँग’ आलं, तर त्याचा डिस्क भरण्याशी काही संबंध नाही. एक्स्ट४वर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळी चिन्हं वेगळी मोजली जातात. ‘ग्रामपंचायत’ हा शब्द डोळ्यांना सहा अक्षरांचा, पण त्यात ११ चिन्हं, म्हणजे ३३ बाइट. एकूण ८५ चिन्हांत नाव संपवावं लागतं, आणि ठरावाचं किंवा शासन निर्णयाचं आख्खं शीर्षक फाइलीला दिलं की ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

कोणतं फोल्डर फुगलंय

आयनोड ठीक असतील, तर मुख्य शोध सुरू करा:

सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एच

सुडो हवंच, नाहीतर ज्या फोल्डरांत तुम्हाला प्रवेश नाही त्यांचा हिशोब लागत नाही. ‘-एक्स’मुळे शोध एकाच पार्टिशनपुरता राहतो. तो नसेल तर बाहेरची हार्ड डिस्क, नेटवर्क फोल्डर, /प्रॉक सगळंच मोजणीत येतं. /प्रॉक/केकोअर ही फाइल कित्येक यंत्रांवर १२८ टीबीची दिसते आणि नवखा माणूस तीच पुसायला धावतो. ती फाइल डिस्कवर नसतेच. सॉर्टला ‘-एच’ द्या, म्हणजे ९००एम आणि २जी यांचा क्रम बरोबर लागतो.

सर्वांत मोठी नावं तळाशी येतील. मग त्याच नावात एक पायरी आत जा: / ऐवजी /व्हार, मग /व्हार/लिब, असं करत दोषी सापडेपर्यंत. /यूएसआर डेस्कटॉपवर ८-१० जीबीचं असणं साहजिक आहे, त्याला हात लावू नका. /व्हार मात्र १५-२० जीबीवर गेलं असेल तर तिथे नक्की काहीतरी साठलंय. जागा थोडी मोकळी झाली की ‘एनसीडीयू’ हे छोटं साधन टाकून घ्या. बाणांनी फोल्डरांत शिरत आकार पाहता येतात. त्यात डी दाबलं की फाइल पुसली जाते, कचरापेटीत जात नाही, हे लक्षात असू द्या.

डीएफ आणि डीयूचा मेळ बसत नाही तेव्हा

डीएफ म्हणतं ४४ जीबी गेले, डीयूची बेरीज २७ जीबी. मधले १७ जीबी कुठे? याला दोन कारणं असतात, आणि दोन्ही पुष्कळांच्या लक्षात येत नाहीत.

पहिलं कारण म्हणजे पुसलेली, पण अजून उघडी असलेली फाइल. लिनक्समध्ये फाइल पुसणं म्हणजे फोल्डरातून तिचं नाव काढणं. एखादा चालू प्रोग्राम ती फाइल धरून बसला असेल, तर तिची जागा तो सोडेपर्यंत मोकळी होत नाही. लॉग फाइल फुगली म्हणून कोणी ‘आरएम’ केलं की हेच होतं. नाव गेलेलं असतं, तरी प्रोग्राम त्याच अदृश्य फाइलीत लिहीत राहतो. पाहायला:

सुडो एलएसओएफ +एल१

यातला ‘एल’ मोठा. उत्तरात अशी एखादी ओळ सापडेल:

आरसिसलॉगडी – ८१२ – सिसलॉग – ७डब्ल्यू – १८२५३६११००८ – ० – /व्हार/लॉग/सिसलॉग, शेवटी ‘डिलीटेड’ असा शेरा

८१२ हा प्रोसेसचा क्रमांक. ७डब्ल्यू म्हणजे लिहिण्यासाठी उघडलेली सातव्या क्रमांकाची फाइल. पुढचा लांबलचक आकडा बाइटमध्ये, म्हणजे बरोबर १७ जीबी. त्यानंतरचा ० सांगतो की या फाइलीला आता एकही नाव उरलेलं नाही. हरवलेला हिशोब इथे लागला. सेवा पुन्हा सुरू केली की जागा लगेच सुटते:

सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट आरसिसलॉग

सेवा थांबवणं शक्य नसेल, तर उघड्या फाइलीतला मजकूरच शून्य करा:

सुडो ट्रंकेट -एस ० /प्रॉक/८१२/एफडी/७

म्हणूनच चालू प्रोग्रामची लॉग फाइल कधी ‘आरएम’ करायची नाही. ती ‘ट्रंकेट -एस ०’ करायची.

दुसरं कारण, माउंटखाली झाकलेल्या फाइली. समजा बॅकअप दर रात्री /एमएनटी/बॅकअपमध्ये जातो आणि तिथे बाहेरची डिस्क जोडलेली असते. एका रात्री ती डिस्क जोडलीच गेली नाही. बॅकअप मुकाट्याने त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे रूट पार्टिशनवर पडला. सकाळी डिस्क जोडली आणि तिने ते फोल्डर झाकून टाकलं. आता डीयूला खालचं काही दिसत नाही, पण जागा गेलेली असते. पाहायचं असं:

सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/तळ
सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी/तळ
सुडो डीयू -एच --मॅक्स-डेप्थ=१ /एमएनटी/तळ/एमएनटी

‘तळ’ हे नुसतं नाव, तुम्ही कुठलंही द्या. खाली दडलेलं सापडलं की ते याच वाटेने पुसा आणि मग ‘सुडो यूमाउंट /एमएनटी/तळ’. काम आटपल्याशिवाय ‘तळ’ फोल्डर पुसायला जाऊ नका, कारण तोपर्यंत त्यातून आख्खं रूट दिसत असतं. पुन्हा असं होऊ नये म्हणून बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये ‘माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/बॅकअप’ ही तपासणी आधी टाका, डिस्क जोडलेली नसेल तर तिथेच थांबा.

लॉग

जागा खाणाऱ्यांत पहिला नंबर लागतो तो /व्हार/लॉगचा. ‘एलएस -एलएचएस /व्हार/लॉग’ द्या, शेवटचा एस मोठा. मोठ्या फाइली वर येतील. बहुतेक सल्ल्यांत जर्नल, म्हणजे सिस्टिमडीचा स्वतःचा लॉग, रिकामं करायला आधी सांगतात, पण जर्नलला मुळातच मर्यादा असते: पार्टिशनच्या १० टक्के, आणि जास्तीत जास्त ४ जीबी. १५-२० जीबी गेले असतील तर ते सिसलॉग किंवा कर्न-लॉगमध्ये गेले आहेत, असं समजून तिकडे आधी पाहा.

पुसण्यापूर्वी ‘सुडो टेल -एन ५० /व्हार/लॉग/सिसलॉग’ अवश्य पाहा. लॉग उगाच फुगत नाही, काहीतरी सेकंदाला शेकडो वेळा तीच तक्रार करत असतं. लॅपटॉपवर वारंवार दिसणारी ओळ म्हणजे ‘पीसीआयई बस एरर: सिव्हिरिटी=करेक्टेड’. वाय-फाय कार्ड किंवा एसएसडीच्या वीज बचतीवरून ही कुरकुर सुरू होते. चूक यंत्र स्वतःच दुरुस्त करतं, पण प्रत्येक वेळी सिसलॉग, कर्न-लॉग आणि जर्नल अशा तीन ठिकाणी नोंद होते. एकदा जागा मोकळी झाली की /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब फाइलीत ‘क्वाएट स्प्लॅश’च्या पुढे ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ घाला, मग ‘सुडो अपडेट-ग्रब’ आणि रिबूट. लॅपटॉपची बॅटरी याने थोडी लवकर उतरेल. तेही चालत नसेल तर ‘पीसीआय=नोएईआर’ आहे, पण त्याने फक्त नोंद बंद होते, खरी बिघाडाची सूचनाही मग येणार नाही. म्हणून तो पर्याय शेवटचा.

कारण कळल्यावर:

सुडो ट्रंकेट -एस ० /व्हार/लॉग/सिसलॉग
सुडो जर्नलसीटीएल --रोटेट
सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम

यातला एम मोठा. ‘--रोटेट’ आधी हवं, कारण व्हॅक्यूम फक्त बंद झालेल्या जर्नल फाइली काढतं, चालू फाइलीला हात लावत नाही. पुढच्यासाठी /ईटीसी/सिस्टिमडी/जर्नलडी.कॉन्फ फाइलीत ‘सिस्टिममॅक्सयूज=५००एम’ ही ओळ घालून ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट सिस्टिमडी-जर्नलडी’ करा. ओळीत सिस्टिम, मॅक्स आणि यूज यांचं पहिलं अक्षर मोठं.

पॅकेजं आणि /बूट

एपीटी म्हणजे पॅकेजं बसवणारं आणि काढणारं साधन. ‘सुडो एपीटी क्लीन’ निर्धास्तपणे करा. /व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्ह्जमध्ये उतरवलेली पॅकेजं पडून असतात, इन्स्टॉल झाल्यावर त्यांची गरज नसते. कधी १०० एमबी मिळतात, कधी ३ जीबी. त्यानंतर ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’, पण हो म्हणण्यापूर्वी यादी वाचा. त्यात तुमच्या वापरातलं काही दिसलं तर ‘सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल’ आणि पुढे पॅकेजचं नाव, म्हणजे ते यादीतून वगळलं जातं.

खरी अडचण /बूट वेगळं पार्टिशन असेल तेव्हा होते. डिस्क एन्क्रिप्ट करून इन्स्टॉल केलेल्या यंत्रांवर ते वेगळंच असतं आणि लहान असतं. प्रत्येक कर्नलबरोबर तिथे एक व्हीएमलिनझ (खुद्द कर्नलची फाइल) आणि एक इनिटआरडी येते. इनिटआरडी सहज ७० ते १०० एमबीची, एनव्हीडियाचा ड्रायव्हर असेल तर आणखी मोठी. ५०० एमबीचं /बूट चार-पाच कर्नलांत भरतं. मग पेच पडतो: नवं कर्नल नीट बसत नाही म्हणून एपीटी अडतं, आणि एपीटी अडलं म्हणून जुनं कर्नल काढता येत नाही. सोडवायचं असं.

आधी ‘यूनेम -आर’. आत्ता चालू असलेल्या कर्नलचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा, त्याच्या फाइलींना हात लावायचा नाही. मग ‘एलएस -एलएच /बूट’ने सर्वांत जुना क्रमांक शोधा. त्याची फक्त इनिटआरडी फाइल बाजूला काढा, पुसू नका:

सुडो एमव्ही /बूट/इनिटआरडी.आयएमजी-जुना-क्रमांक /व्हार/टीएमपी/

एवढ्याने ७०-८० एमबी मोकळे होतात आणि एपीटीला श्वास घ्यायला जागा मिळते. त्यानंतर याच क्रमाने:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज

पहिल्याच कमांडला पुन्हा जागा कमी पडली, तर त्यानंतरच्या जुन्या कर्नलची इनिटआरडीही तशीच हलवा. शेवटी ‘डीएफ -एच /बूट’ पाहा, नव्या कर्नलची इनिटआरडी तयार झाल्याची खात्री करा, रिबूट करा आणि सगळं नीट चालल्यावरच बाजूला ठेवलेल्या फाइली पुसा. ऑटोरिमूव्ह चालू कर्नल आणि सर्वांत नवं कर्नल राखतं, त्यामुळे अडचणीच्या वेळी परत जायला एक वाट शिल्लक राहते. हाताने /बूटमधून व्हीएमलिनझ पुसत बसू नका. पॅकेजच्या नोंदीत ते कर्नल तसंच राहतं आणि पुढच्या अपडेटला त्याची इनिटआरडी पुन्हा बनवली जाते.

स्नॅप, फ्लॅटपॅक, टाइमशिफ्ट, डॉकर

स्नॅप प्रत्येक ॲपची जुनी आवृत्तीही ठेवतं. ‘स्नॅप लिस्ट --ऑल’मध्ये ज्यापुढे ‘डिसेबल्ड’ लिहिलेलं असेल ती काढता येते: ‘सुडो स्नॅप रिमूव्ह’, ॲपचं नाव, ‘--रिव्हिजन=’ आणि क्रमांक. किती आवृत्त्या ठेवायच्या ते ‘सुडो स्नॅप सेट सिस्टिम रिफ्रेश.रिटेन=२’ने ठरतं. २ हे किमान मूल्य, त्याखाली जाता येत नाही. स्नॅप काढलं तरी त्याच्या डेटाची प्रत आपोआप ठेवली जाते, ती ‘स्नॅप सेव्ह्ड’मध्ये दिसते, ‘स्नॅप फर्गेट’ने जाते. फ्लॅटपॅकसाठी ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड’ पुरेसं आहे.

मिंट वापरणाऱ्यांनी /टाइमशिफ्ट हे फोल्डर आधी पाहावं. टाइमशिफ्ट यंत्रणेच्या प्रती, म्हणजे स्नॅपशॉट, तिथे ठेवतं. स्नॅपशॉट रूट पार्टिशनवरच ठेवले असतील तर रोजचे, आठवड्याचे, महिन्याचे मिळून बरेच जीबी जातात. ते टाइमशिफ्टमधूनच काढा, ‘आरएम’ने नको. आणि पुढचे स्नॅपशॉट शक्यतो दुसऱ्या डिस्कवर.

डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायचं साधन) असेल तर ‘डॉकर सिस्टिम डीएफ’ने हिशोब कळतो, ‘डॉकर सिस्टिम प्रून’ने थांबलेले कंटेनर आणि सुट्या इमेज जातात. ‘--व्हॉल्यूम्स’ जोडण्याआधी दहादा विचार करा, डेटाबेसचा डेटा अनेकदा तिथेच असतो. कंटेनरच्या लॉगला नेहमीच्या सेटिंगमध्ये मर्यादाच नसते, त्यामुळे /व्हार/लिब/डॉकर/कंटेनर्समधली एखादी जेसन-लॉग फाइलच ३० जीबीची निघू शकते.

होम फोल्डर

इथे ‘डीयू -एसएच *’ देऊ नका. तारकेत टिंबाने सुरू होणारी लपलेली फोल्डरं येत नाहीत आणि जागा नेमकी त्यांनीच घेतलेली असते. त्याऐवजी:

डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ ~ | सॉर्ट -एच

फाइल मॅनेजरमधून डिलीट केलेलं सगळं .लोकल/शेअर/ट्रॅशमध्ये पडून असतं, जागा सुटलेली नसते. पेनड्राइव्हवर हेच ‘.ट्रॅश-१०००’ नावाने असतं. पेनड्राइव्ह रिकामा दिसतो पण फाइल मावत नाही, त्याचं कारण हेच. .कॅश फोल्डर रिकामं केलं तरी चालतं, मात्र ब्राउझर आधी बंद करा. .कॉन्फिग आणि .मोझिला यांना कॅश समजू नका, तिथे तुमचे बुकमार्क, पासवर्ड आणि सेटिंग असतात.

जागेचं दुखणं नसेल तेव्हा

‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असा संदेश आला तर साफसफाईचा नाद सोडा. फाइलसिस्टिममध्ये चूक सापडली की एक्स्ट४ पुढचं नुकसान टाळायला लिहिणंच बंद करतं. ‘सुडो डीमेसेज’च्या (डी-एम-ई-एस-जी) शेवटच्या ओळींत आय-ओ एरर दिसतात का पाहा. दिसल्या तर डिस्क किंवा तिची केबल गेलेली असू शकते. आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवा, मग ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए’ आणि डिस्कचं नाव देऊन तब्येत तपासा. दुरुस्तीसाठी एफएसचेक (एफ-एस-सी-के) चालवायचं तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून, पार्टिशन जोडलेलं नसताना.

कुठलीही ‘आरएम -आरएफ’ देताना आधी त्याच मार्गाला ‘एलएस’ द्या, यादी वाचा, मग वरचा बाण दाबून फक्त ‘एलएस’च्या जागी ‘आरएम -आरएफ’ करा. ‘/व्हार/लॉग’ आणि ‘/*’ यांच्यामध्ये चुकून एक मोकळी जागा पडली, तर आख्खी यंत्रणा पुसली जाते.

सगळं झाल्यावर पुढच्या वेळेसाठी एक राखीव फाइल बनवून ठेवा:

सुडो एफअलोकेट -एल १जी /व्हार/राखीव

यातला जी मोठा, आणि फाइलीचं नाव इंग्रजीतच द्या, म्हणजे एफ३च्या काळ्या पडद्यावर टाइप करता येईल. या फाइलीत काहीच नाही, ती फक्त १ जीबी अडवून बसते. डिस्क पुन्हा काठोकाठ भरली की ‘सुडो आरएम /व्हार/राखीव’ द्या. एपीटी, लॉगिन, एडिटर सगळं पुन्हा चालू लागेल आणि खरा दोषी शोधायला तुम्हाला निवांत वेळ मिळेल. तो सापडला की राखीव फाइल लगेच परत बनवा.